‘सर, हा जुगार नाही, अभ्यास आहे’

डिसेंबरमधल्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर ओळखीच्या एक आपा आमच्याकडे आल्या. त्यांचा थोरला मुलगा आमचा विद्यार्थी. गणितात हुशार, वही नीटनेटकी, उत्तर चुकलं तर रात्रभर त्याच उदाहरणाशी झटणारा. तीन वर्षांपूर्वी तो शिकायला इंग्लंडला गेला तेव्हा घरातले दागिने गहाण पडले होते. शिक्षण झालं, आता तो तिकडे एका मोठ्या गोदामात रात्रपाळी करतो. सुरुवातीला पैसे वेळेवर यायचे. गेल्या वर्षभरात कमी झाले, मग कधी आले, कधी नाही. विचारलं की म्हणतो, पुढच्या महिन्यात नक्की. शेवटी धाकट्या भावाने त्याच्याकडून काढून घेतलं की तो गोल्फवर पैसे लावतो.

आपांनी विचारलं, "सर, हे गोल्फ म्हणजे नेमकं काय? आणि त्यात पैसे कसे जातात?"

खरं सांगायचं तर आम्हालाही फारसं माहीत नव्हतं. क्रिकेटचा सट्टा आपल्या मोहल्ल्यात कोणाला ठाऊक नाही? मटक्याचे आकडे आमच्या लहानपणी पानटपरीवर खुलेआम बोलले जायचे. पण गोल्फ? तो साहेब लोकांचा खेळ, टीव्हीवर लागला तर चॅनेल बदलायचा, एवढाच आपला संबंध. त्या रात्री आम्ही मुलाला फोन लावला. तो चिडला नाही, उलट मोकळेपणाने बोलला. म्हणाला, "सर, अम्मीला वाटतं मी पत्ते कुटतोय. हा जुगार नाही, अभ्यास आहे. तुम्ही माझी वही बघा, मग बोला."

ती वही आम्ही पाहिली. पानापानाचे फोटो त्याने पाठवले. त्यानंतरचे तीन-चार आठवडे आम्ही हा विषय त्याच्याबरोबरच शिकलो. जे समजलं ते इथे मांडतो आहोत, कारण आपली शेकडो मुलं आज ब्रिटनमध्ये आणि आखातात आहेत, आणि घरी बसलेल्या आई-वडिलांना या धंद्याचं नवं रूप कोणी समजावून सांगत नाही.

आधी खेळ. मोठी गोल्फ स्पर्धा चार दिवस चालते, गुरुवार ते रविवार. रोज १८ होल, एकूण ७२. ज्याला सर्वांत कमी फटके लागतात तो जिंकतो. ब्रिटनच्या ‘ओपन’मध्ये १५६ खेळाडू उतरतात, दोन दिवसांनी पहिले ७० आणि त्यांच्या बरोबरीचे तेवढे राहतात, बाकीचे घरी. फुटबॉल सामन्यात तीनच निकाल शक्य असतात: हा, तो, किंवा बरोबरी. इथे दीडशे नावं, आणि विजेता एकच. त्यामुळे भाव मोठे असतात. जगातल्या पहिल्या नंबरच्या स्कॉटी शेफलरवर एकाला चार-पाच मिळतील, मधल्या फळीतल्यावर एकाला चाळीस, आणि तळाच्या खेळाडूवर एकाला पाचशे. पाच पौंड लावायचे आणि अडीच हजार घ्यायचे! रात्रपाळीच्या मुलाला हा आकडा कसा दिसत असेल, याचा विचार करा.

आता त्याचा अभ्यास. आम्ही हसण्यावारी नेणार होतो, पण वही पाहून थबकलो. कोणत्या मैदानावर कोण पूर्वी कसा खेळला, लांब फटका कोणाचा सरळ जातो, हिरवळीवरचा छोटा फटका कोणाचा चुकतो, सकाळच्या गटाला वारा कमी लागतो की दुपारच्या, समुद्रकाठच्या मैदानावर कोण टिकतो, सगळं रकान्यांत. हे काही त्याने मनाने रचलेलं नाही. अमेरिकेच्या ‘पीजीए टूर’वर प्रत्येक फटका मोजून नोंदवला जातो, त्यातून खेळाडूनिहाय आकडेवारी निघते, आणि ती खरी असते. चांगला खेळाडू कोण हे या आकड्यांतून खरोखर कळतं. इथेच हुशार मुलगा फसतो. लॉटरीच्या तिकिटात डोकं लावायला जागाच नसते, म्हणून तो लॉटरी घेत नाही. इथे डोकं लावायला भरपूर जागा आहे.

पण चांगला खेळाडू कोण आणि या रविवारी जिंकेल कोण, या दोन प्रश्नांत फार मोठं अंतर आहे. २०२४ हे शेफलरचं सर्वांत भरभराटीचं वर्ष. पीजीए टूरवर त्याने १९ स्पर्धा खेळल्या आणि ७ जिंकल्या. अशी कामगिरी फार थोड्यांना जमली आहे. तरीही, बारा वेळा तो हरलाच. त्याच वर्षी मे महिन्यात लुईव्हिल इथे पीजीए चॅम्पियनशिपच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानाच्या दाराशी वाहतुकीवरून पोलिसांशी गैरसमज झाला, त्याला बेड्या घालून कोठडीत नेलं, काही तासांत तो सुटला आणि येऊन ६६ फटक्यांत फेरी पूर्ण केली. आरोप पुढे मागे घेतले गेले. स्पर्धा मात्र तो जिंकला नाही. हा रकाना कोणाच्या वहीत होता?

उलट बाजू बघा. २००३ च्या ओपनमध्ये बेन कर्टिस नावाचा अमेरिकी तरुण जिंकला. जागतिक क्रमवारीत तो ३९६ वा होता आणि एवढी मोठी स्पर्धा पहिल्यांदाच खेळत होता. १९९९ मध्ये कार्नूस्टीला फ्रान्सचा व्हॅन डी व्हेल्ड शेवटच्या होलवर तीन फटक्यांनी पुढे होता. तिथे त्याने सात फटके घेतले, चेंडू ओढ्यात घालवला, आणि दिवसाच्या सुरुवातीला दहा फटके मागे असलेला पॉल लॉरी जिंकून गेला. रोरी मॅकिलरॉय २०११ च्या मास्टर्समध्ये शेवटच्या दिवशी चार फटके पुढे होता आणि ८० फटक्यांची फेरी खेळून कोसळला. तीच मास्टर्स त्याने जिंकली ती थेट एप्रिल २०२५ मध्ये, तीही जस्टिन रोझबरोबर जादा होल खेळून. चौदा वर्षं! या काळात दर एप्रिलला ‘यंदा रोरीच’ म्हणून पैसे लावणाऱ्यांची गणती कोण करणार?

आमचा मुलगा या युक्तिवादाला बधला नाही. म्हणाला, "सर, एखाद-दुसऱ्या वेळी असं होणारच. पण भाव चांगला असेल तर लांबच्या पल्ल्यात फायदा होतो. शंभरातून तीन वेळा जिंकणाऱ्याला एकाला चाळीस मिळत असतील तर लावायला हवंच ना?" गणित बरोबर आहे. आम्हीच शिकवलेलं संभाव्यतेचं गणित. प्रश्न एवढाच, की दुकानदार असा भाव देतो का?

सोमवारी आम्ही नववीच्या वर्गात चिंचोके घेऊन गेलो. सहा मुलं उभी केली, प्रत्येकाला दहा चिंचोके, आणि फाशाचा एकेक आकडा वाटून दिला. फासा पडला की त्या आकड्याच्या मुलाला आपले दहा परत आणि वर चारपट, म्हणजे चाळीस. मुलं खूश. साठ चिंचोके जमा झाले, जिंकणाऱ्याला पन्नास गेले, दहा आमच्या टेबलावर उरले. दुसऱ्या डावाला पुन्हा दहा. पाचव्या डावाला मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, कोणीही जिंकलं तरी तुम्हीच जिंकताय." फासा सहा बाजूंचा, खरा भाव एकाला पाच. आम्ही एकाला चार दिला. सगळा धंदा या एका पायरीत आहे.

भावाची टक्केवारी काढणं सोपं. एकाला चार म्हणजे पाचातला एक वाटा, २० टक्के. सहा आकड्यांचे मिळून १२०. शंभराच्या वरचे वीस ही दुकानाची कमाई. हाच हिशेब गोल्फला लावायचा. एकाला चौदा म्हणजे पंधरातला एक, साडेसहा टक्क्यांच्या जरा वर. एकाला चाळीस म्हणजे एकेचाळीसातला एक, अडीच टक्क्यांच्या आत. येत्या एप्रिलच्या मास्टर्सचे भाव दुकानांत केव्हाच लागले आहेत. आम्ही आणि मुलाने फोनवर एकेक नाव वाचत एका दुकानाची पूर्ण यादी उतरवली आणि बेरीज केली. ती १३० च्या पलीकडे गेली. गोल्फच्या विजेत्यावरच्या बाजारात असं बरेचदा होतं. १३० धरली तर सगळ्या नावांवर त्या-त्या भावाच्या मानाने मिळून १०० पौंड पसरणाऱ्याला, कोणीही जिंको, ७७ परत मिळतात. २३ दुकानाचे.

तुलना करायची तर रूलेटच्या चक्राशी करा, ज्याला सगळं जग उघड जुगार म्हणतं. युरोपातल्या चक्रावर ३७ घरं असतात आणि जिंकणाऱ्याला ३५ पट मिळते. दर शंभरामागे दुकानाला पावणेतीन रुपयेही उरत नाहीत. म्हणजे ‘अभ्यासाच्या’ या खेळात दुकान चक्रापेक्षा आठपटीहून जास्त कापतं! आमचा विद्यार्थी कॅसिनोत कधी पाऊल ठेवणार नाही, त्याचे संस्कारच तसे आहेत. आणि तोच मुलगा दर गुरुवारी त्याहून कितीतरी महाग खेळ खेळत होता.

दीडशे नावं हीच दुकानाची सोय आहे. दोन संघांच्या सामन्यात भाव थोडा जरी वाकवला तरी लगेच दिसतो. दीडशे नावांत प्रत्येकाचा भाव चिमूटभर कापला तर कोणाच्या लक्षात येणार? त्यातही तळाच्या नावांवर कात्री जास्त चालते. एकाला पाचशे दिसतात, खरी शक्यता कदाचित दोन हजारात एक. पाच पौंडच तर गेले, असं म्हणून माणूस सोडून देतो.

काही जाणकार म्हणतील, सगळ्या दुकानांचे भाव तपासून प्रत्येक नावाला सर्वांत चांगला भाव घेतला तर बेरीज बरीच खाली येते. येते, खोटं नाही. थोडे लोक यात कमावतातही. पण जो सातत्याने चांगला भाव उचलतो, त्याचं खातं दुकानं आखडतात. पन्नास पौंड लावायला गेला तर पडद्यावर येतं, तुम्हाला दोन पौंडच लावता येतील. ब्रिटनमध्ये हे उघडपणे चालतं. हरणाऱ्याला मात्र मोफत डाव आणि खास सवलतींचे संदेश येतात. आमच्या मुलाचं खातं कोणी आखडलं नव्हतं. "यावरून काय ते समज," असं आम्ही त्याला म्हणालो. त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

मग ‘जवळपास जिंकलो’चा बाजार. ब्रिटनमध्ये गोल्फवर बहुतेक पैसे ‘ईच-वे’ पद्धतीने लावतात. एका पैजेच्या दोन पैजा: अर्धे पैसे खेळाडू जिंकेल यावर, अर्धे तो पहिल्या पाच किंवा आठांत येईल यावर. दुसऱ्या भागाला भावाचा पाचवा हिस्सा मिळतो. दहा-दहा पौंड, एकूण वीस, एकाला चाळीसच्या खेळाडूवर लावले आणि तो पाचवा आला, तर पहिले दहा गेले, दुसऱ्या दहांचे नव्वद झाले. वाईट काय आहे? पण गोल्फमध्ये बरोबरी फार होते. आठ जागांना पैसे आहेत आणि सातव्या जागेवर चौघे बरोबरीत आले, तर उरलेल्या दोन जागा चौघांत वाटल्या जातात. दहापैकी पाचच पौंड धरले जातात आणि नव्वदाचे पंचेचाळीस होतात. हा नियम दुकानाच्या अटींत लिहिलेला असतो. मुलाच्या वहीत अशा जागी त्याने लाल शाईने ‘नशीब’ लिहिलं होतं. जिंकला तिथे हिरव्या शाईने ‘अभ्यास’.

अशी दोन रंगांची वही जगभर लिहिली जाते, फक्त मोठ्या प्रमाणावर. २०१९ च्या मास्टर्सआधी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या एका माणसाने टायगर वुड्सवर एकाला चौदा भावाने ८५,००० डॉलर लावले. वुड्स जिंकला, माणसाला ११ लाख ९० हजार डॉलर फायदा झाला. ही बातमी दुनियाभर गाजली. आमच्या मुलानेही पहिल्याच फोनवर ती ऐकवली. पुढची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. त्याच माणसाने नंतर एक लाख डॉलर लावले, की वुड्स त्या वर्षीच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकेल. दुसऱ्याच स्पर्धेत, मे महिन्यात, वुड्स दोन दिवसांत बाहेर पडला. या बातमीचा गाजावाजा त्या मानाने कितीसा झाला? जाहिरातीत कोणती गोष्ट लागते, हे सांगायला नको.

खेळाचंही यात काय होतंय ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेत मे २०१८ पर्यंत नेवाडासारखे अपवाद वगळता खेळांवर पैजा घ्यायला केंद्रीय कायद्याने बंदी होती. सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. त्यानंतर पस्तीसहून अधिक राज्यांनी दारं उघडली. जो पीजीए टूर या धंद्यापासून अंतर राखून होता, त्याने २०२० मध्ये सट्टा कंपन्यांना ‘अधिकृत भागीदार’ करून घेतलं. ॲरिझोनात तर गोल्फ मैदानाला लागूनच सट्ट्याचं दुकान उभं राहिलं. खेळाडूने स्वतः पैज लावायची नाही, हा नियम मात्र कडक. २०२३ मध्ये दुय्यम टूरवरच्या दोन खेळाडूंना त्यासाठी काही महिन्यांसाठी निलंबित केलं गेलं. त्याच वर्षी शिकागोजवळच्या स्पर्धेत मॅक्स होमा छोटा फटका मारायला वाकला असताना एक प्रेक्षक मुद्दाम ओरडला. कारण? मित्राशी लावलेली तीन डॉलरची पैज. तीन डॉलर! आता तर पुढचा फटका कुठे पडेल यावरही पैसे लागतात. चार दिवस वाट पाहायची गरज नाही. रात्रपाळीच्या दहा मिनिटांच्या सुट्टीत चार डाव होतात.

आपल्याकडे म्हणाल तर गेल्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. या कायद्यातली एक गोष्ट आमच्या विषयाच्या गाभ्याची आहे. आजवर आपल्या कोर्टांत वाद चालायचा तो कौशल्याचा खेळ की नशिबाचा, असा. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने घोड्यांची शर्यत कौशल्याची ठरवली. फँटसी क्रिकेटवाल्यांनी याच युक्तिवादावर कोट्यवधींचे धंदे उभे केले आणि भारतीय संघाच्या छातीवर नाव झळकवलं. नव्या कायद्याने हा फरकच पुसला: पैसे लावलेत आणि पैसे जिंकायची आशा आहे, एवढं पुरे. म्हणजे ‘हा अभ्यास आहे’ या बचावाला कायद्याने दार लावलं. कंपन्यांनी कोर्टात आव्हान दिलं आहे, निकाल काय लागायचा तो लागेल. सरकारने हे समाजाच्या काळजीने केलं की आणखी कशाने, यावर आमच्या स्टाफरूममध्ये रोज वाद होतो. आम्हाला कायदा योग्य वाटतो.

पण तो आपांच्या मुलापर्यंत पोहोचत नाही. तो राहतो त्या देशात पैजेची दुकानं १९६१ पासून कायदेशीर आहेत. गरीब वस्तीच्या बाजारपेठेत ती जास्त दिसतात, हे तिकडे राहणाऱ्या आपल्या कोकणी कुटुंबांना विचारा. तिथल्या सरकारने थोडा लगाम घातला आहे. एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डावर पैज लावता येत नाही. गेल्या नोव्हेंबरच्या अर्थसंकल्पात ऑनलाइन पैजेवरचा कर १५ वरून २५ टक्के करायचं ठरलं, तो २०२७ च्या एप्रिलपासून लागेल, घोड्यांच्या शर्यती वगळून. कर कंपन्यांवर आहे. पण कंपनी तो कोणाच्या भावातून कापून घेईल, हे चिंचोक्यांचा खेळ पाहिलेलं नववीचं पोरही सांगेल.

जाता जाता एक गोष्ट, जी आम्हाला खटकली. २०२२ मध्ये सुरू झालेली ‘लिव्ह’ ही गोल्फ मालिका सौदी सरकारी निधीच्या पैशावर उभी राहिली. सौदीत जुगाराला बंदी आहे. त्याच मालिकेच्या विजेत्यावर लंडन आणि लास वेगासमध्ये मात्र भाव लागतात. संयुक्त अरब अमिरातीने तर २०२३ मध्ये ‘गेमिंग’साठी नियामक संस्थाच नेमली आणि पुढच्या वर्षी अधिकृत लॉटरी सुरू झाली. दुबईला मुलगा आहे म्हणून बिनघोर राहणाऱ्या पालकांनी एवढं लक्षात असू द्यावं.

आपल्या जमातीत असा विषय निघाला की पहिलं वाक्य येतं, "हराम आहे, सोडून दे." ते खरंच आहे, त्यात आमचा काही वाद नाही. सूरह माइदाच्या ९० व्या आयतीत जुगाराचं नाव दारूच्या बरोबरीने आलं आहे, हे मदरशात जाणारं लहान मूलही जाणतं. पण आमच्या विद्यार्थ्याला ते ठाऊक नव्हतं का? तो जुमा चुकवत नाही. तो आपल्या कामाला ‘मैसिर’ समजतच नव्हता. म्हणून आम्ही त्याला ‘मैसिर’ म्हणजे मुळात काय होतं ते सांगितलं. इस्लामपूर्व अरब उंट कापायचे, मांसाचे वाटे करायचे, आणि दहा बाण पिशवीत घालून नावाने काढायचे. सात बाणांना कमी-जास्त वाटा, तीन कोरे. कोरा बाण ज्याच्या नावाने निघाला त्याने उंटाची किंमत भरायची. आणि जिंकलेलं मांस बहुधा गोरगरिबांत वाटलं जायचं. त्यात मोठेपणा मानला जायचा. म्हणजे तो जुगार परोपकारीसुद्धा होता. सूरह बकराच्या २१९ व्या आयतीत त्यात लोकांचा काही फायदा आहे हे मान्य करूनच त्याचं पाप मोठं म्हटलं आहे. आज ब्रिटनमध्ये सट्टा कंपन्यांकडून व्यसनमुक्तीसाठी सक्तीने वर्गणी घेतात, तेव्हा त्या उंटाची आठवण होते. नावं असलेले बाण तेव्हा दहा होते. आता १५६ आहेत.

हे ऐकून मुलगा म्हणाला, "सर, पण मी अम्मीला त्यातूनच पाठवलं होतं." मग त्याने सांगितलं. गेल्या एप्रिलमध्ये मॅकिलरॉय जिंकला तेव्हा त्याचे ५० पौंड ३७५ होऊन परत आले. बकरी ईदला कुर्बानीसाठी जे पैसे घरी आले, ते त्यातले. आपांनी त्या वर्षी मोठ्या आनंदाने मोहल्ल्यात वाटे पोहोचवले होते. एक आमच्याकडेही आला होता. आम्ही काय बोलणार? "पैसा पैशात मिसळतो, सर, पगारातलेच गेले असं समजा," असं तो म्हणाला, आणि मग स्वतःच गप्प झाला. हे तू तुझ्या अम्मीला स्वतः सांग, एवढंच आम्ही म्हणालो.

त्याच्या वहीत सगळे रकाने होते, एक सोडून. एकूण लावले किती आणि एकूण परत आले किती, ही बेरीज कुठेच नव्हती. चौदा महिन्यांत एकदाही नाही. ती आम्ही त्याला करायला लावली. शिक्षकाला तेवढंच येतं. लावलेले ५,८६० पौंड, परत आलेले ४,२१०. गेलेले १,६५०, म्हणजे आपल्याकडचे जवळपास दोन लाख. शंभरातले अठ्ठावीस. दुकानाची कात्री तेवीसची म्हटली होती, हा त्याहूनही थोडा मागे. चौदा महिन्यांच्या रात्रींच्या अभ्यासाने त्याला डोळे झाकून नावं काढणाऱ्याच्या पुढे नेलं नव्हतं. गहाण दागिन्यांपैकी निम्मे तरी या पैशात सुटले असते.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. ब्रिटनमध्ये ‘गॅमस्टॉप’ नावाची मोफत व्यवस्था आहे. तिथे नाव नोंदवलं की परवानाधारक सगळ्या ऑनलाइन कंपन्यांना तुमचं खातं बंद ठेवावं लागतं. बाहेर देशांतल्या बेकायदा साइटना ती लागू नाही, पण पुष्कळ काही अडतं. घरात कोणी असेल तर ही माहिती पोहोचवा. मुदत सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं, ज्याची त्याने निवडायची, आणि ती संपेपर्यंत मागे घेता येत नाही. त्याने नाव नोंदवलं. आपांना आम्ही हे लगेच कळवलं, त्या फोनवरच रडल्या.

किती मुदत घेतली, हे आम्ही त्याला नंतर विचारलं. सहा महिने म्हणाला. पाच वर्षं का नाही, तर म्हणाला, "आधी हे जमतंय का बघतो, सर." जानेवारीपासून सहा महिने म्हणजे जुलै. यंदाची ओपन त्याच महिन्यात, १६ तारखेपासून रॉयल बर्कडेलला आहे. ते त्याला ठाऊक आहे, आता आम्हालाही. आपांना अजून नाही.